मागणी ग्राहकाची, रीत सर्वांची

बँकेच्या जुन्या शाखेत पाऊल टाकले की एक फलक हमखास दृष्टीस पडतो. ग्राहकाचे महत्त्व विशद करणारा, महात्मा गांधींच्या नावाने लावलेला हा फलक बँक कर्मचाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी रोज वाचला आहे. ग्राहकाचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि नियमात बसेल तेवढे करून द्यावे, हा संस्कार त्या फलकाने केला. काउंटरवर तो योग्यच होता. एखाद्या वृद्ध निवृत्तिवेतनधारकाला रांगेबाहेर बोलावून त्यांचे पासबुक भरून दिले, तर ती सवलत त्या एका व्यक्तीपुरती राहते. बँकेचे व्यवहार संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर आल्यापासून मात्र परिस्थिती पालटली आहे. पडद्यावरील एक बटन एका ग्राहकाच्या विनंतीवरून हलवले, की ते सर्व ग्राहकांसाठी हलते.

ग्राहकांच्या सूचना तर सतत येतच असतात. खात्यातील शिल्लक पासवर्डाशिवाय पहिल्याच पडद्यावर दिसावी. नेट बँकिंग काही मिनिटांत आपोआप बंद होऊ नये. एटीएममधून आधी रोख मिळावी, कार्ड नंतर. खाते क्रमांक दोनदा लिहिण्याची सक्ती नसावी. यांतील प्रत्येक सूचनेमागे कोणाची ना कोणाची खरी गैरसोय असते. पण दुसऱ्या पारड्यात आणखी एक गोष्ट असते, आणि ती बोलून दाखवायला कोणी शाखेत येत नाही. ती म्हणजे सर्वत्र रूढ झालेली रीत. यंत्र कोठेही असो, संकेतस्थळ कोणाचेही असो, ते आपल्या ओळखीच्या पद्धतीनेच वागेल ही लोकांची अपेक्षा. या दोहोंचे वजन कसे करावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक भासला तरी त्यावर ग्राहकाचा पैसा आणि बँकेवरील विश्वास अवलंबून असतो.

एका रस्त्यावरील अनेक यंत्रे

जयपूरला बदलीवर गेलेल्या मराठी अधिकाऱ्यांना सी-स्कीमची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. मिर्झा इस्माईल हे जयपूर संस्थानचे पंतप्रधान असताना, १९४० च्या दशकात, जुन्या शहराच्या तटाबाहेर ज्या वसाहती आखल्या गेल्या त्यांपैकी ही एक. स्टॅच्यू सर्कल, टिळक मार्ग, भगवानदास रोड या परिसरात कचेऱ्या, दवाखाने, वकिलांच्या बैठका आणि जवळपास सर्व प्रमुख बँकांच्या शाखा आहेत. येथील एखादा व्यापारी आपले खाते एका बँकेत ठेवतो, रोख दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून काढतो, कर्जाचा हप्ता तिसऱ्या बँकेच्या संकेतस्थळावरून भरतो आणि चहाचे पैसे चौथ्याच कंपनीच्या ॲपवरून देतो. त्याच्या दृष्टीने ही चार वेगवेगळी तंत्रे नाहीत. तो एकच कृती चार ठिकाणी करीत असतो.

संगणकाच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली या स्थितीचे मर्म सांगितले होते. कोणत्याही संकेतस्थळाचा वापरकर्ता आपला बहुतांश वेळ इतर संकेतस्थळांवर घालवतो. त्यामुळे त्याच्या सवयी तेथे घडतात आणि तुमचे संकेतस्थळही तसेच वागावे अशी त्याची अपेक्षा असते, असा त्यांचा आशय होता. बँकेला हे विधान अधिकच लागू पडते. आपला ग्राहक केवळ आपलाच आहे, ही समजूत सी-स्कीममधील कोणत्याही रस्त्यावर पाच मिनिटे उभे राहिल्यास दूर होईल.

याच टिळक मार्गावर स्टेट बँक ऑफ बिकानेर अँड जयपूर या बँकेचे मुख्य कार्यालय होते. बिकानेर आणि जयपूर येथील दोन स्टेट बँकांच्या एकत्रीकरणातून १९६३ मध्ये ती अस्तित्वात आली आणि १ एप्रिल २०१७ रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. अशा विलीनीकरणात ग्राहकाला काय नव्याने शिकावे लागते आणि काय शिकावे लागत नाही, हे पाहण्यासारखे असते. बँकेचे नाव बदलले, शाखांचे आयएफएससी बदलले, यथावकाश चेकबुके बदलली. परंतु एटीएममध्ये कार्ड घालणे, पिन देणे, रक्कम सांगणे या कृती तशाच राहिल्या, कारण त्या कोणा एका बँकेच्या मालकीच्या नव्हत्याच. जे केवळ आपल्या बँकेचे वैशिष्ट्य असते ते पाटीबरोबर उतरते. जे सर्वांचे असते ते ग्राहकाच्या हातात टिकून राहते.

रीतीमागील कारणे

प्रचलित रीत ही पुष्कळदा कोणाच्या तरी लहरीतून आल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे अनुभव साठलेला असतो. आधी रोख की आधी कार्ड, हा प्रश्न घ्यावा. माणूस एटीएमकडे जातो तो पैशासाठी. पैसे हाती आले की त्याच्या मनातील काम संपते आणि पाय दाराकडे वळतात. कार्ड यंत्रातच राहते. म्हणून कार्ड परत घेतल्यावरच रोख बाहेर यावी, असा क्रम अनेक यंत्रांत ठेवलेला असतो. घाईत असलेल्या ग्राहकाला हे काही क्षण जाचक वाटतात. क्रम उलटा केला तर त्याचे ते क्षण वाचतील, पण दुसऱ्या कोणाचे कार्ड यंत्रात विसरून राहील. ही दुसरी व्यक्ती मागणी करायला आलेली नसते. तिची बाजू मांडण्याचे काम बँकेनेच करावयाचे असते.

अंकांच्या कळांचेही तसेच आहे. कॅल्क्युलेटरवर आणि संगणकाच्या कळफलकावर वरच्या ओळीत ७, ८, ९ असतात. टेलिफोनवर आणि एटीएमवर १, २, ३ असतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने बटनांचे टेलिफोन तयार करताना कळांच्या निरनिराळ्या मांडण्या माणसांकडून वापरून पाहिल्या होत्या. ते संशोधन १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसभर कॅल्क्युलेटर चालवणाऱ्या रोखपालाला किंवा मुनीमजींना एटीएमची मांडणी उलटी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ५ या कळेवरील लहानसा उंचवटा बोटाने चाचपून पिन देणाऱ्या दृष्टिहीन ग्राहकाचा विचार केला, म्हणजे एकसारख्या मांडणीचे मोल ध्यानात येते. तो उंचवटा उपयोगी पडतो तो बाकीचे अंक प्रत्येक यंत्रावर ठरल्या जागी असतात म्हणूनच. एका बँकेने आपल्या यंत्रावरील क्रम बदलला, तर या ग्राहकाचे स्वावलंबन त्या यंत्रापाशी संपते.

सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते ती खुणेचा अर्थ ढळला की. यूपीआयमध्ये ॲप कोणतेही असले तरी पिन टाइप करण्याचा पडदा एकच असतो. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने पुरवलेला तो घटक सर्व ॲपना वापरावा लागतो. त्यामुळे पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हा धडा कोणत्याही ॲपच्या वापरकर्त्याला एकाच वाक्यात देता येतो. भामटे नेमके याच धड्यावर घाव घालतात. पैसे पाठवतो असे सांगून पैशाची मागणी पाठवायची आणि समोरच्याकडून पिन टाइप करवून घ्यायचा, हा फसवणुकीचा प्रकार सर्वांना ठाऊक झाला आहे. मित्राकडून उसने पैसे परत मागण्यासाठी व्यक्तीने व्यक्तीला मागणी पाठवण्याची सुविधा निश्चितच सोयीची होती. तरीही १ ऑक्टोबर २०२५ पासून ती बंद करण्यात आली. तिचा प्रामाणिक वापर करणाऱ्यांची सोय त्यामुळे गेली, आणि फसवणुकीचे एक दारही लागले. हे वजन करणे सोपे नव्हते. पण ते करावेच लागले.

दर्शनी भाग नगराचा, आतला वाडा मालकाचा

मग ग्राहकाच्या आवडीनिवडीला पडद्यावर जागाच नाही काय? याचे उत्तर शोधण्यासाठी सी-स्कीममधून फार दूर जाण्याची गरज नाही. मिर्झा इस्माईल यांच्याच नावाचा रस्ता ओलांडून अजमेरी गेटातून आत शिरले की सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये वसवलेले जुने शहर लागते. येथील मुख्य बाजारपेठांतील दुकानांच्या दर्शनी बाजू एका आखणीने बांधलेल्या आहेत. १८७६ मध्ये युवराज अल्बर्ट एडवर्ड यांच्या भेटीच्या वेळी शहराला दिलेला गुलाबी रंग पुढे त्याची ओळखच बनला, आणि २०१९ मध्ये युनेस्कोने या नगराचा जागतिक वारसा स्थळांत समावेश केला. दुकानदाराने रस्त्याकडील दर्शनी भाग नगराच्या शिस्तीने ठेवावा. त्यामागे आपली हवेली, आपला चौक, आपली खोली हवी तशी बांधावी, अशी ही व्यवस्था. रस्ता सर्वांचा असल्याने त्याची शिस्तही सर्वांची, आणि घर ज्याचे त्याचे.

बँकेच्या पडद्यालाही हीच विभागणी चपखल लागू पडते. पिन कोठे विचारला जातो, व्यवहार नक्की करण्यापूर्वी काय दाखवले जाते, मागे जाण्याची खूण कोणती, रद्द करण्याचे बटन दाबल्यावर काय होते, हा झाला दर्शनी भाग. तेथे एका बँकेने किंवा एका ग्राहकाने आपली हौस पुरवून घेऊ नये. भाषा कोणती, अक्षरे किती मोठी, नेहमीचे व्यवहार कोणत्या क्रमाने, खर्चाची मर्यादा किती, हे सर्व आतल्या वाड्यात मोडते. तेथे ग्राहकाला जितकी मोकळीक देता येईल तितकी द्यावी.

रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये कार्डांबाबत काढलेले आदेश या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. नवे कार्ड देताना ते भारतातील एटीएम आणि दुकानांतील यंत्रांवरच चालावे. ऑनलाइन, परदेशी किंवा स्पर्शविरहित व्यवहार हवे असल्यास ग्राहकाने ते स्वतः सुरू करावेत, हवे तेव्हा बंद करावेत आणि मर्यादाही ठरवावी, अशी ती व्यवस्था आहे. मूळ स्थिती सर्वांसाठी एक आणि सुरक्षित, त्यापुढील निवड ज्याची त्याची. परदेशी शिकणाऱ्या मुलाला भेटायला निघालेले आईवडील आणि कधीही ऑनलाइन खरेदी न करणारे आजोबा, दोघांचीही गरज एकाच रचनेत भागते.

रीतच जेव्हा चुकते

रीतीचा हा पुरस्कार वाचून कोणी असे मानू नये की जे रूढ आहे ते सर्व योग्यच असते. काही मागण्या रीतीतील उणीव दाखवून देतात. नेट बँकिंगमधून एनईएफटी करताना खाते क्रमांकातील एक अंक चुकला तर पैसे भलत्याच खात्यात जाण्याची धास्ती ग्राहकांना वर्षानुवर्षे होती, कारण रक्कम जमा होताना क्रमांकच ग्राह्य धरला जातो. खाते क्रमांक दोनदा लिहायला लावणे हा त्यावरचा जुना उपाय. तो कंटाळवाणा होता आणि अपुराही. पैसे पाठवण्यापूर्वी समोरच्या खातेदाराचे नाव दिसावे, ही मागणी म्हणूनच रास्त होती. रिझर्व्ह बँकेने ३० डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने आरटीजीएस आणि एनईएफटीसाठी ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्याचे बँकांना फर्मावले. येथे एखाद्या बँकेने आपल्यापुरती वेगळी युक्ती काढण्याऐवजी मागणीचेच रूपांतर सर्वांच्या रीतीत झाले. उचित मागणी पुरी करण्याचा हाच सर्वोत्तम मार्ग होय.

काही वेळा ग्राहक ज्याची मागणी करतो ती त्याच्या देशातील रीतच असते, आणि प्रणाली तयार करणाऱ्यालाच ती ठाऊक नसते. दहा लाख ही रक्कम १०,००,००० अशी दिसावी, पाश्चात्त्य पद्धतीने तीन तीन अंकांवर स्वल्पविराम देऊन दिसू नये, असे म्हणणारा खातेदार हट्टी नाही. तारीख आधी, महिना नंतर, असा आग्रह धरणाराही नाही. लाख-कोटींच्या हिशेबात वाढलेल्या डोळ्याला चुकीच्या जागचा स्वल्पविराम एका शून्याची चूक करायला लावू शकतो. अशा ठिकाणी परदेशी मूळ रचनेपुढे मान तुकवण्याचे काहीच कारण नाही.

आणि काही मागण्या तर मागण्या नसून हक्क असतात. बोलणारी आणि ब्रेल कळा असलेली एटीएम हा कोणे एके काळी विशेष विनंतीचा विषय होता. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये नव्या एटीएमपैकी किमान एक तृतीयांश यंत्रे तशी असावीत असे सांगितले आणि १ जुलै २०१४ पासून प्रत्येक नवे यंत्र तसेच असावे असे ठरवले. त्याहून मर्मभेदी उदाहरण ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या प्रकरणाचे आहे. मोबाइलवरून ओळख पटवताना समोरची व्यक्ती जिवंत आहे हे तपासण्यासाठी पापण्यांची उघडझाप करायला सांगणे, ही रूढ पद्धत. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या व्यक्तीने ती अट कशी पुरी करावी? ज्याने ही पद्धत योजली त्याच्या मनात कोणताही दुष्ट हेतू नव्हता. पण त्या व्यक्तीचा विचारही नव्हता. डिजिटल सेवा मिळणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगून न्यायालयाने पर्यायी पद्धती देण्यासह वीस निर्देश दिले. रीत जेथे एखाद्याला दाराबाहेर ठेवते, तेथे किती जणांनी तक्रार केली हे मोजत बसू नये.

बँकांच्या स्वतःच्या सवयीही या तराजूत घालायला हव्यात. ब्राउझरमधील मागे जाण्याचे बटन दाबताच ग्राहकाला बाहेर काढणे किंवा पासवर्डाच्या रकान्यात मजकूर चिकटवू न देणे, हे प्रकार सुरक्षिततेच्या नावाखाली अनेक ठिकाणी चालतात. अमेरिकेच्या प्रमाणीकरण संस्थेने २०१७ मधील आपल्या मार्गदर्शक सूचनांत पासवर्ड चिकटवण्याची मुभा द्यावी असे म्हटले आहे, कारण त्यामुळे लोक लांब आणि अवघड पासवर्ड वापरू शकतात. रीत मोडणारा नेहमी ग्राहकच असतो असे नाही. विंडोज ८ मध्ये मायक्रोसॉफ्टने २०१२ साली वर्षानुवर्षांच्या सवयीचे स्टार्ट बटन काढून टाकले आणि पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत आणावे लागले. तेव्हा ग्राहकांची कुरकुर हीच रीतीची बाजू होती.

मागणीच्या मागे काय आहे?

यावरून मागणी आली असता तिचे वजन कसे करावे याचा काही अंदाज बांधता येतो. पहिली गोष्ट, ग्राहक जो उपाय सुचवतो त्यामागची अडचण शोधावी. नेट बँकिंग लवकर बंद होते, वेळ वाढवा, असे एखादे निवृत्त शिक्षक म्हणतात. वेळ सरसकट वाढवला तर सायबर कॅफेत किंवा कचेरीतील सामायिक संगणकावर उघडे राहिलेले खाते धोक्यात येईल. पण त्या शिक्षकांची खरी अडचण अशी की ते सावकाश टाइप करतात आणि अर्धा भरलेला अर्ज डोळ्यांदेखत नाहीसा होतो. वेबच्या सुलभतेविषयीच्या २००८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत यावर तोडगा दिलेला आहे: वेळ संपण्यापूर्वी सूचना द्यावी आणि एका साध्या कृतीने मुदत वाढवून घेण्यासाठी किमान २० सेकंद द्यावेत. मागितलेली गोष्ट दिली नाही, तरी अडचण दूर झाली. दुसरी गोष्ट, तीच खूण इतरत्र कोणत्या अर्थाने वापरली जाते ते पाहावे. तिसरी, बदलामुळे चूक झालीच तर ती कोणाच्या खिशाला भोवेल आणि परत फिरवता येईल काय, हे तपासावे. रंगाची निवड चुकली तर पुन्हा बदलता येते; गेलेले पैसे परत येतीलच असे नाही. चौथी, सध्याच्या रीतीने कोणी दाराबाहेर तर राहत नाही ना, हे विचारावे. आणि उत्तर होकारार्थी आले तर आधीच्या तिन्ही प्रश्नांना थांबवून ठेवावे.

हे प्रश्न विचारण्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची आवश्यकता नाही. शाखा पातळीवरील ग्राहक सेवा समित्या रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार आहेतच. त्यांची बैठक महिन्यातून एकदा व्हावी आणि तीत ग्राहकांनाही स्थान असावे, असे अभिप्रेत आहे. पंखा, पाणी आणि पासबुकाचे यंत्र या विषयांबरोबर पडद्यावरील अडचणींनाही या बैठकीत दहा मिनिटे मिळावीत. ग्राहकाने नुसते ‘बटन वर हवे’ असे न लिहिता आपण काय करू पाहत होतो आणि कोठे अडलो ते सांगावे. अधिकाऱ्याने ‘सिस्टिममध्ये नाही’ या दोन शब्दांवर बोळवण न करता नकाराचे कारण सांगावे. कार्ड आधी का येते, हे समजलेला ग्राहक त्या काही क्षणांबद्दल पुन्हा तक्रार करीत नाही. उलट शेजारच्यालाही समजावून सांगतो.

शाखेतील त्या फलकाने ग्राहकाचा मान राखायला शिकवले. पडद्यावर तो मान राखायचा असेल, तर जो ग्राहक समोर येऊन बोलतो त्याच्याबरोबरच जो कधीच बोलायला येत नाही त्याचीही आठवण ठेवावी लागेल. सी-स्कीममधील एखाद्या यंत्रासमोर ५ च्या कळेवरील उंचवटा चाचपणारे बोट हे अशाच एका ग्राहकाचे असते.